जावई यंत्राची परीक्षा

माझ्या नोकरीचं वर्णन एका वाक्यात करायचं तर मी जन्मभर लोकांना "आ करा" म्हणत आले. शाळेत मास्तरीण झाले असते तर "तोंड मिटा" म्हणाले असते, एवढाच काय तो फरक. बीदर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मी प्रयोगशाळेत लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. माझं नाव महादेवी, पण ते फक्त हजेरी लावताना कुणाला तरी आठवायचं. एरवी मी सगळ्यांची अक्का. मराठी बोलणाऱ्यांची अक्का, कन्नड बोलणाऱ्यांचीही अक्का. माझ्या वडिलांच्या वयाची माणसंसुद्धा "अक्का, लघवी कुठं ठिवू?" असं मोठ्या आदरानं विचारायची.

लॅबमधलं माणूस म्हणजे अर्धा डॉक्टर, असं गावाकडं समजतात. तसं काही नसतं. डॉक्टर माणसाला तपासतात, आम्ही माणसातून निघालेलं तपासतो. त्यात एक गंमत अशी की जे तपासायचं ते लोकांनी स्वतः आणून द्यायचं असतं, आणि आणताना प्रत्येक जण आपलं डोकं चालवतो. एका गृहस्थांना मी सकाळचा पहिला बेडका डबीत आणायला सांगितला होता. त्यांनी डबी गच्च भरून आणली. मी म्हटलं, "अप्पा, एवढा?" तर म्हणाले, "घरातल्या समद्यांचा हाय अक्का. सारखं सारखं कशाला यायचं? एकदाच बघून टाका, कुनाला हाय ते." कुणाला आहे ते त्या डबीतून सांगायला मी काय देवी होते? पण त्यांना हसणंही बरं नव्हतं. बसभाडं वाचवून सगळ्या घराची काळजी केली होती त्यांनी.

तर अशा माझ्या शांत, डबीबाटलीच्या संसारात स्वाइन फ्लू आला. तो पुण्यातून आला, असं आमच्याकडं सगळे ठामपणे सांगत. त्यात थोडं तथ्यही होतं. आमच्या पट्ट्यातली निम्मी तरुण पोरं तोवर पुण्याला, हैदराबादला, मुंबईला कामाला लागली होती, कुणी इमारतींवर, कुणी कंपन्यांत. सणाला ती परत यायची तेव्हा उदगीरकडून येणारी बस उभ्यानं भरलेली असायची. त्या वर्षी मात्र पुण्याहून कुणी आलं की शेजारी चार पावलं लांब उभं राहून विचारत, "कधी आलास? आन् कधी जायलास?"

या आजाराची खात्री करायची तर काडीच्या टोकाला मऊ बोंडूक असतं ते नाकात आणि घशात फिरवायचं. याला स्वॅब घेणं म्हणतात. माणसाला ओकारी येते, डोळ्यांत पाणी येतं आणि तो आपल्याकडं अशा नजरेनं बघतो की जणू आपण त्याची जमीन बळकावली. ती काडी गुलाबी पाण्याच्या नळीत टाकायची, नळी बर्फाच्या डब्यात, डबा गाडीत आणि गाडी बेंगळुरूला. पूर्ण राज्य ओलांडून जायचं ते. तिथं तपासणी व्हायची आणि मग निकाल यायचा. तोवर बहुतेक जण बरे होऊन पुन्हा पुण्याच्या बसमध्ये बसलेले असायचे. एकदा मात्र निकाल आला तेव्हा माणूसच राहिलं नव्हतं. तो कागद मी स्वतः त्यांच्या घरी नेऊन दिला. त्यांच्या लेकानं तो उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "आता ह्याचं काय करू?" तेव्हापासून उशिरा आलेल्या कागदाचा मला राग यायला लागला, तो निवृत्त होईपर्यंत गेला नाही.

म्हणून पुढच्या लाटेत डॉक्टर वसुधा बेंगळुरूहून एक लहानसं यंत्र घेऊन आल्या तेव्हा मला मनापासून आनंद झाला. वसुधा मॅडम विषाणूंच्या तज्ज्ञ. वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या, बोलायला गोड कन्नड, मराठी अजिबात नाही. यंत्र आमच्या शेवयांच्या डब्याएवढं. एका तासात निकाल देणार म्हणे. पण ते खरं बोलतं का, आणि आमच्यासारख्या ठिकाणच्या उन्हात, धुळीत आणि वीज जाण्यात खरं बोलतं का, हे बघायला त्या आल्या होत्या. म्हणजे परीक्षा रोग्याची नव्हती, यंत्राची होती. एकाच माणसाचे दोन स्वॅब घ्यायचे. एक यंत्राला द्यायचा, दुसरा बर्फाच्या डब्यातून बेंगळुरूला पाठवायचा आणि मग दोघांची उत्तरं ताडून बघायची. यंत्रानं पेपर लिहायचा, मोठ्या प्रयोगशाळेनं तो तपासायचा.

यंत्र आत काय करतं, हे रोग्यांना मी विरजणाचं उदाहरण देऊन सांगायची. भांडंभर दुधात थेंबभर दही पडलं तर ऊब मिळाल्यावर सगळं दूध लागतं; दही पडलंच नसेल तर दूध दूधच राहतं. तसं या नळीत विषाणूचा एवढासा धागा जरी असला तरी यंत्र ऊब देऊन त्याच्या इतक्या नकला करतं की नळीचा रंग बदलतो. शिवाय शेजारी दुसरी नळी असते. तिच्यात त्याच माणसाचा स्वॅब आणि मुद्दाम घातलेलं विरजण. ती बदललीच पाहिजे. तिला आम्ही साक्षीदार म्हणायचो. साक्षीदारही लागला नाही तर समजायचं की भांड्यातच काही खोट आहे. मग यंत्र हो म्हणत नाही आणि नाही पण म्हणत नाही. सांगता येत नाही म्हणून गप्प बसतं.

या यंत्राचे लाड फार. त्याला गार खोली लागायची, म्हणून मोठ्या डॉक्टरांच्या केबिनमधला कूलर काढून आमच्याकडं आला. वीज गेलेली त्याला चालायची नाही, म्हणून लसींच्या फ्रिजचा इन्व्हर्टर त्याच्याशी वाटून घेतला. त्याच्या जवळ कुणी शिंकायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही. दोन दिवसांत सिस्टर लोकांनी त्याचं नाव जावई ठेवलं. वसुधा मॅडमनी अर्थ विचारला. मी कन्नडमध्ये सांगितल्यावर त्या इतक्या हसल्या की मास्क सरकला, आणि मग त्यासुद्धा सकाळी आल्या आल्या विचारायला लागल्या, "अक्का, जावईबापू उठले का?"

जावईबापू उठायचे, पण रुसायचे. पुरुषांच्या स्वॅबवर बरोबर उत्तर द्यायचे आणि बायकांचा स्वॅब आला की निम्म्या वेळी गप्प. साक्षीदारसुद्धा मुका. बेंगळुरूला गेलेल्या जोडीच्या स्वॅबवर तिथली मोठी यंत्रं व्यवस्थित निकाल देत होती, कारण तिथं आधी नमुना धुऊन गाळून स्वच्छ करतात. आमच्या जावयाला तेवढा वेळ नव्हता, तो सगळं आहे तसंच घ्यायचा. वसुधा मॅडमच्या वरिष्ठांनी फोनवर सांगितलं की स्वॅब घेणारीचा हात बरोबर नसावा. मॅडमनी ते मला फार संकोचानं सांगितलं आणि दिवसभर माझ्या मागं उभ्या राहून बघत राहिल्या. मला राग आला. बायकांच्या घशात मी काडी कशी घालते, हे त्या उभ्या राहून बघणार? बघितलं, आणि शेवटी म्हणाल्या, "अक्का, तुमचा हात उत्तम आहे. मग बिघडतंय कुठं?" तेही आम्हाला कळेना. शनिवारी त्यांना यंत्र बांधून परत जायचं होतं, आणि हे असंच चाललं तर यंत्र अशा ठिकाणी चालण्याजोगं नाही असं लिहून द्यावं लागणार होतं. म्हणजे पुन्हा बर्फाचा डबा आणि उशिरा येणारा कागद.

त्याच आठवड्यात रेखा आली. माहेर आमच्याच भागातल्या मेहकरचं, नवरा पुण्यात इमारतींवर फरशी बसवायचा. पहिलं बाळंतपण म्हणून आईकडं आलेली आणि येताना खोकला न् ताप घेऊन आलेली. दवाखान्यात आल्या आल्या मोकळी झाली, मुलगी झाली, दोघी सुखरूप. मोठ्या डॉक्टरांनी रेखाला औषध सुरू केलं, पण पुण्याहून आलेली आणि तापलेली म्हणून बाळाला तिच्याजवळ ठेवू दिलं नाही. रेखा एका खोलीत, आणि मधल्या भिंतीपलीकडं तिची आई सुगंधाबाई बाळाला मांडीवर घेऊन. रेखानं दूध वाटीत काढून द्यायचं, आईनं चमच्यानं पाजायचं. बेंगळुरूचा निकाल येईपर्यंत हे असंच चालणार होतं.

बाळ रडलं की भिंतीतून ऐकू यायचं. मी पहिला स्वॅब घ्यायला गेले तेव्हा रेखा भिंतीला कान लावूनच बसली होती.

"अक्का, लेकरू कामून रडायलंय? दूध गार झालं आसंल का?"

"भरलंय पोट तिचं. तोंड उघड बघू."

"म्या आजून तिला हात लावला न्हाई, अक्का. निस्तं लांबून दावलं." मग म्हणाली, "तिच्या हाताला किती बोटं हायती, त्ये बी म्या मोजलं न्हाई."

मी तिचा स्वॅब घेतला आणि लॅबमध्ये येऊन जावयाला म्हटलं, बाबा रे, आज तरी बोल. एका तासानं बघितलं तर दोन्ही नळ्या तशाच. सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा स्वॅब घेतला, पुन्हा तेच. रेखाला सांगायला गेले तेव्हा ती रडली नाही, उलट मलाच धीर दिला. "ऱ्हाऊ द्या अक्का. तुमचं यंत्र बी माझ्यावानीच हाय. दवाखान्यात आलं की त्येला बी बोलाया सुचंना." मला तिच्यासमोर उभं राहवेना.

शुक्रवारी सकाळी मी तिसऱ्यांदा काडी घेऊन निघाले. वसुधा मॅडम सोबत होत्या. रेखाच्या खोलीला व्हरांड्याकडची खिडकी होती, आणि त्या खिडकीशी सुगंधाबाई बाळाला पदराखाली धरून उभ्या होत्या. मला बघताच त्यांनी हात वर केला.

"थांबा अक्का, वाईच थांबा. पोरीला तोंड घासू द्या."

असं म्हणून त्यांनी कमरेच्या पिशवीतून एक चपटी डबी काढली आणि खिडकीतून आत दिली. आत मिसरी होती. आमच्याकडं तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजतात, कुटतात आणि बायका ती बोटावर घेऊन दात घासतात. मशेरी म्हणतात काही ठिकाणी. ती डबी मी जन्मापासून बघत आले. माझ्या आईच्या उशाशी असायची.

"आई, दोन डाव घासलंय की," रेखा आतून म्हणाली.

"घास गं. येवढ्या शिकल्यासवरल्या बाया तुझ्या तोंडात वाकून बघनार, आन् तू तसंच पारोसं तोंड उघडनार व्हय? काय म्हनतील त्या?"

वसुधा मॅडमना भाषा कळली नाही, पण डबी दिसली. त्यांनी कन्नडमध्ये विचारलं, हे काय? मी सांगितलं. त्यांनी डबी मागून घेतली, वास घेतला, चिमूटभर तळहातावर घेऊन बघितलं. तळहात काळा झाला. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मी त्यांच्याकडं बघितलं.

"तुम्ही विचारलं होतं ना सगळ्यांना, तंबाखू खाता का म्हणून?" मॅडम म्हणाल्या.

विचारलं होतं. प्रत्येकीला विचारलं होतं. मी पुन्हा एकदा सुगंधाबाईंना विचारलं, "बाई, तुम्ही तंबाखू खाता का?"

"म्या?" त्यांना ते झोंबलंच. "आमच्या घरात बाईमानूस तंबाखूला शिवत न्हाई अक्का."

"मग ही?"

"ही मिसरी हाय की. ही कुठं खायाची आसती?"

खोटं कुणीच बोललं नव्हतं. आम्ही व्हरांड्यातल्या रांगेतल्या बायकांना विचारत गेलो. दवाखान्यात यायचं, तिथं अक्का तोंडात बघणार, म्हणून एकजात सगळ्या येताना किंवा आल्यावर नळावर मिसरी लावून आल्या होत्या. आणि पुरुष? ते तर तंबाखूचे खरे बहाद्दर. पण डॉक्टर रागावतील या भीतीनं ते गेटबाहेरच थुंकून, खळखळून चुळा भरून, साळसूद चेहऱ्यानं आत यायचे. त्यांनी लपवायला तोंड धुतलं म्हणून त्यांचे नमुने स्वच्छ, आणि बायकांनी आमचा मान राखायला तोंड घासलं म्हणून त्यांचे नमुने काळे. मला हसू आवरेना. मॅडमना समजावून सांगितल्यावर त्याही व्हरांड्यातल्या बाकावर बसून हसल्या.

पण त्या शास्त्र शिकलेल्या होत्या, हसून सोडून देणाऱ्या नव्हत्या. त्यांच्याजवळ एक पक्की नळी होती, जिच्यात विषाणूचा मेलेला धागा होता आणि जी यंत्रानं कधीच चुकवली नव्हती. त्यातला थोडा भाग वेगळा काढून त्यांनी त्यात मिसरीचं पाणी टाकलं आणि दोन्ही यंत्रात ठेवले. तासाभरानं स्वच्छ नळीनं रंग बदलला आणि मिसरीची नळी मुकी राहिली. साक्षीदारही मुका. मॅडमनी यंत्राच्या पाठीवर थोपटलं. "जावयाचं चुकलं नव्हतं," म्हणाल्या. मी म्हटलं, "माझ्या हाताचंही नव्हतं." त्यावर त्यांनी सगळ्यांसमोर माझे हात धरले, ते मला अजून आठवतं.

मग रेखा. तिला साध्या पाण्यानं चूळ भरायला लावली आणि स्वॅब घशातून न घेता फक्त नाकातून घेतला. ती शिंकली, डोळे पुसले आणि पुन्हा भिंतीकडं तोंड करून बसली. मी नळ्या यंत्रात ठेवल्या. लॅबच्या दारात सुगंधाबाई बाळाला घेऊन येऊन उभ्या राहिल्या. त्यांना झालेला सगळा प्रकार कळला होता आणि त्या ओशाळल्या होत्या. "म्याच पोरीच्या आड आले की वो," असं पुटपुटत होत्या. मी म्हटलं, "बाई, तुम्ही डबी काढली नसती तर आम्ही अजून एकमेकींची तोंडं बघत बसलो असतो." मध्येच वीज गेली. इन्व्हर्टरनं धरलं.

साक्षीदार लागला. हिरवागार. रेखाची नळी जशीच्या तशी. म्हणजे तिच्यात विषाणू नव्हता, साधा खोकला-ताप होता.

आता नियमाप्रमाणे गोष्ट इथं थांबायला हवी होती. यंत्राचीच परीक्षा चालली होती, तेव्हा परीक्षेला बसलेल्याच्या शब्दावर कुणाचा इलाज ठरवायचा नसतो. मोठे डॉक्टर आले, नळ्या बघितल्या आणि वसुधा मॅडमना म्हणाले, "बेंगळुरूचा निकाल सोमवारपर्यंत येणार नाही. ताप कालपासून नाही, खोकला उतरलाय. निर्णय माझा आहे, तुमच्यावर टाकत नाही. पण एक सांगा, तुमचं बाळ असतं तर या यंत्राच्या शब्दावर तुम्ही ते जवळ घेतलं असतं?"

यंत्राबद्दल असा प्रश्न मॅडमना आजवर कुणी विचारला नव्हता. किती बरोबर आणि किती चूक, एवढंच त्या मोजत आल्या होत्या. त्यांनी साक्षीदाराची नळी पुन्हा उजेडात धरून बघितली. मग म्हणाल्या, "सकाळपर्यंत नसतं घेतलं. आता घेतलं असतं."

डॉक्टरांनी मान हलवली. "मास्क लावायचा, हात साबणानं धुवायचे, आणि द्या लेकरू."

रेखानं हात धुतले ते किती वेळ धुतले. साबण अर्धा झाला असेल. मग सुगंधाबाईंनी मुलीला तिच्या मांडीवर ठेवलं. रेखानं दुपटं हळूच सोडलं आणि पहिल्यांदा एक हात, मग दुसरा हात उघडून बोटं मोजली. मग पायांची मोजली. खात्री झाल्यावर म्हणाली, "हायती सगळी," आणि तेव्हा कुठं रडली. वसुधा मॅडमना मराठी येत नव्हती, पण त्यांनी माझ्याकडं अर्थ विचारला नाही. मीही मास्कच्या आत रडून घेतलं. मास्कचा तेवढा एक फायदा असतो.

शनिवारी जावई गार खोलीतून निघून खोक्यात बसला. मॅडमनी त्यांच्या लिखाणात यंत्र चांगलं आहे असंच लिहिलं. फक्त आधी साध्या पाण्यानं चूळ भरून घ्या, नमुना नाकातून घ्या आणि तंबाखूबरोबर मिसरीचंही वेगळं विचारा, असं घातलं. मिसरी हा शब्द इंग्रजीत कसा लिहायचा, हे त्यांनी मला विचारलं होतं. जाताना म्हणाल्या, "यंत्र परत पाठवीन, अक्का." त्यांनी प्रयत्न केला असणार, मला खात्री आहे. पण यंत्र मोठ्या शहरांत गेलं, आमच्याकडं आलं नाही, आणि मी निवृत्त होईपर्यंत बर्फाचा डबाच जात राहिला. याची खंत आहे, नाही कशाला म्हणू?

रेखाही रविवारी घरी गेली. बसस्टँडवर जायच्या आधी सुगंधाबाई लॅबच्या दारात आल्या, कमरेच्या पिशवीवर हात ठेवून म्हणाल्या, "अक्का, आता घासू का?" मी म्हटलं, "सोडलेली बरी, बाई. पण घासायचीच तर घरी जाऊन." त्या मान हलवून गेल्या. सोडली नसणार.

सोमवारी दुपारी बेंगळुरूचा निकाल आला. रेखाच्या तीनही दिवसांच्या स्वॅबमध्ये विषाणू नव्हता, जावई खरं बोलला होता. सवयीनं मी तो कागद घेऊन तिच्या खोलीत गेले. खाटेवर नवी चादर घातलेली, भिंतीपलीकडं शांत. सांगायला तिथं कुणी नव्हतं आणि कुणी अडूनही राहिलं नव्हतं. उशिरा आलेला कागद हातात घेऊन मी तिथं एकटीच उभी होते, आणि नोकरीत पहिल्यांदाच मला त्याचा राग आला नाही.